टीबीच्या गोळ्या घेताना मनात येणारे प्रश्न

खालचे प्रश्न टीबीचा कोर्स चालू असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत ठेवले आहेत. डॉक्टरांसमोर यातले बरेच निघतच नाहीत. बाहेर रांग असते, आणि ‘गोळ्या नीट घेताय ना?’ याला ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची सवय झालेली असते. गोळी बंद करणं, बदलणं, कमी करणं हे मात्र तुमच्या टीबी केंद्रातल्या किंवा खाजगी डॉक्टरांना विचारूनच करायचं. इथली माहिती त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता यावं एवढ्यासाठी आहे.

महिनाभरात खोकला गेला, ताप उतरला, भूकही लागते. मग अजून पाच महिने गोळ्या कशाला?

हा प्रश्न निष्काळजी माणसाचा नाही. लहानपणापासून आपण औषध असंच घेत आलो: ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, गोळी बंद. बरं वाटल्यावरही औषध घेत राहायचं, हे शरीराला आणि मनाला दोघांनाही पटत नाही.

टीबीच्या जंतूंची गोष्ट अशी की ते सगळे सारखे वागत नाहीत. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला, ताप, रात्रीचा घाम यांचा उतार पडतो तो त्यामुळे. मागे थोडे जंतू उरतात, ते जवळजवळ झोपलेले असतात. ही औषधं वाढत्या जंतूला चटकन गाठतात, निजलेल्याला मारायला वेळ लागतो. हरळी वरवर खुरपली की वावर स्वच्छ दिसतं, मुळ्या मात्र आत जिवंत असतात. दुसऱ्या महिन्यातली तब्येत साधारण अशीच असते. म्हणून पहिले २ महिने चार औषधं (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल) आणि पुढचे ४ महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. सरकारी कार्यक्रमात हा हिशेब डोसांत मांडतात: आधी ५६, मग ११२. रिफाम्पिसिन येण्याआधी हाच कोर्स दीड-दोन वर्षं चालायचा.

अवघड असतो तो मधला काळ. सुरुवातीला गोळीचा गुण रोज दिसतो. वजन वाढतं, चेहरा भरतो, जिना चढताना धाप लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दाखवायला नवीन गुण उरत नाही आणि गोळीचा त्रास तेवढा जाणवत राहतो. मग ‘मी बरा आहे, या गोळ्याच मला आजारी पाडतायत’ असं वाटायला लागतं. असं वाटलं म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, पण त्या क्षणी गोळी सोडली तर दोन गोष्टी होऊ शकतात: आजार उलटतो, किंवा उरलेले जंतू या औषधांना दाद देईनासे होतात. त्यामुळे असं वाटायला लागलं की गुपचूप पाकीट बाजूला ठेवू नका, आशाताईंना किंवा टीबी केंद्रातल्या ताईंना तसंच सांगा. ‘कंटाळा आलाय’ हेही सांगण्यासारखंच कारण आहे.

लघवी केशरी-लाल होते. रक्त जातंय का? की कावीळ झाली?

दोन्ही नाही. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणी यांनाही छटा येते. पांढऱ्या बनियनला डाग पडतात आणि कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगू शकतात, म्हणून कोर्सभर चष्मा लावलेला बरा. गोळ्या सुरू करतानाच हे कुणी सांगितलं असेल तर माणूस हसून सोडून देतो. सांगितलं नसेल तर पहिल्या सकाळीच घाबरतो आणि गोळ्या कोनाड्यात जातात.

काही जण या रंगाचा उलटा उपयोग करतात. लघवी रंगली म्हणजे ‘औषध अंगात फिरलं’ अशी खूण धरतात, आणि दुपारनंतर रंग उतरला की औषधाचा जोर संपला असं समजतात. तसं नसतं. रंग फिका झाला तरी औषधाचं काम झालेलं असतं.

फरक एवढाच लक्षात ठेवा: रिफाम्पिसिनने डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही. डोळे पिवळे दिसले, अन्नाचा वास नकोसा झाला, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर यकृताला त्रास होत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या गोळ्या फार गरम पडतात. काय खावं?

‘गरम पडतात’ या दोन शब्दांत लोक बरंच काही सांगत असतात: पोटात आग, तोंड येणं, मळमळ, अंगाला खाज, झोप न लागणं. डॉक्टरांना नुसतं ‘गरम पडतात’ सांगितलं तर ते मान हलवून पुढच्या पेशंटला बोलावतात. नेमकं काय होतं ते सांगा, कारण यातल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

गोळ्या सकाळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात, कारण तेव्हा रिफाम्पिसिन चांगलं शोषलं जातं. पण रोज उलटीच होत असेल तर रिकाम्या पोटाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना विचारून थोडं काही खाऊन घेता येतात. आपल्या मनाने ॲसिडिटीची गोळी सोबत घेऊ नका, काही ॲन्टासिडमुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. ताक, पेज, मऊ भात यांना कुणाचीच हरकत नाही. मात्र ‘गरम पडतात’ म्हणून अंडी, शेंगदाणे, मासे बंद करणाऱ्या घरांबद्दल मला काळजी वाटते. जे अन्न अंगी लागतं तेच पथ्याच्या नावाखाली ताटातून जातं.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जोड: आयसोनियाझिड चालू असताना कुपा किंवा बांगडा, त्यातही नीट बर्फात न ठेवलेला, खाल्ल्यावर एखाद्याचा चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. असं झालं तर ते मासे कोर्सपुरते थांबवा. ताजे बोंबील खायला हरकत नाही.

माझ्या जाऊबाईंना तीन गोळ्या, मला चार. माझा टीबी जास्त वाढलाय का?

नाही, गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. मोठ्या माणसांत साधारण २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, आणि त्यापुढे ५ किंवा ६. एका गोळीत चारही औषधं ठरावीक प्रमाणात असतात.

यातून एक विचित्र प्रसंग येतो. बाई उपचाराला आली तेव्हा ४६ किलोची होती. खाणं सुधारलं, वजन ५१ झालं आणि गोळ्या तीनाच्या चार झाल्या. घरी सगळे धास्तावतात: ‘एवढी औषधं घेऊनही वाढवल्या, म्हणजे गुण नाही.’ खरं तर गुण आला म्हणून गोळी वाढली. दोन महिन्यांनी पाकीट बदलतं, तेव्हाही असाच गोंधळ होतो. गोळीचा रंग किंवा आकार बदलला तर देणाऱ्याला विचारा. ‘आधीची लाल होती, ही वेगळी का?’ हा अगदी योग्य प्रश्न आहे.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फुकटच्या गोळ्या खरंच लागू पडतात का?

महाग ते चांगलं हा आपला हिशेब औषधापर्यंतही येतो. कर्ज काढून खाजगीत दोन महिने औषध घेतलेली आणि पैसे संपल्यावर कोर्सच सोडून दिलेली माणसं भेटतात, तेव्हा या समजुतीची किंमत कळते. औषधं तीच आहेत, आणि खाजगी डॉक्टरांकडे उपचार चालू ठेवूनही सरकारी गोळ्या फुकट मिळू शकतात. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनीही प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे. नोंद झाली की टीबी रुग्णांच्या खाण्यासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे पैसेही खात्यात येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले.

ते पैसे खाण्यावरच खर्च व्हावेत, असं सांगायचं कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रेशन्स नावाच्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरी धान्य-डाळ दिली गेली. घरातल्या बाकीच्यांना टीबी होण्याचं प्रमाण त्यामुळे बरंच कमी झालं, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका कमी दिसला. वजनकाटा हा या उपचारातला सर्वांत स्वस्त रिपोर्ट आहे.

ताईंच्या समोर बसून गोळी गिळायची. मी काय चोर आहे?

अपमान वाटतो हे खरं आहे आणि तसं वाटण्यात गैर काही नाही. पन्नाशीच्या माणसाला, ज्याने दोन पोरींची लग्नं केली, त्याला कुणी ‘तोंड उघडा’ म्हणावं हे टोचणारच.

ही पद्धत आली कुठून ते सांगतो. एकेकाळी टीबी म्हटलं की पाचगणी, मिरज अशा ठिकाणी सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचं. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला: काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषध दिलं. १९५९ साली निकाल आला तेव्हा जगभर आश्चर्य वाटलं. घरच्या उपचारालाही जवळजवळ तेवढाच गुण आला होता आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं. टीबीच्या रुग्णाला घरी राहता आलं ते या कामामुळे. पण त्याच काळात हेही दिसलं की घरी दिलेल्या गोळ्या सगळेच नियमित घेत नाहीत. समोर घ्यायला लावण्याची कल्पना तिथून वाढली.

माझं मत विचाराल तर समोर बसणारं माणूस कोण आहे यावर सगळं ठरतं. गोळीबरोबर ‘काल झोप लागली का?’ विचारणारी शेजारीण असेल तर तीच गोष्ट सोबत होते. आता घरचं किंवा ओळखीचं माणूसही ही जबाबदारी घेऊ शकतं, ते मागून घ्या. काही ठिकाणी पाकिटावर गोळीमागे नंबर दडलेला असायचा. गोळी काढली की तो दिसायचा आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कुणाला ती पाळत वाटली, कुणाला ‘आपली आठवण ठेवणारं कुणीतरी आहे’ असं वाटलं.

सासरी सांगू का? मुलीच्या स्थळाचं काय?

यावर सरसकट उत्तर देणारा माणूस त्या घरात राहत नसतो. म्हणून इथे फक्त दोन गोष्टी. फुप्फुसाचा टीबी असेल आणि औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची भीती खूप कमी होते; ताट-वाटी वेगळी करण्याची गरज कधीच नसते, कारण टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. दुसरी गोष्ट, लपवून घेतलेली गोळी चुकते. पाहुणे आले, लग्नाला गावी गेलो, डबीतून काढायला जागा नव्हती, ही कारणं सतत ऐकू येतात. सगळ्यांना सांगू नका, पण घरातल्या एकाला सांगा, म्हणजे त्या दिवशी तुमच्यासाठी आडोसा करणारं कुणी असेल. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याची तपासणी लपवाछपवीत राहून जाता कामा नये.

एक दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ?

नको. त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दिवस उलटून गेला तर पुढचा डोस नेहमीसारखा घ्या आणि चुकलेला सांगा, तो शेवटी जोडून देतात. ओरडा बसेल म्हणून लोक सांगत नाहीत आणि रिकामं पाकीट दाखवायला गोळ्या फेकून देतात. त्यापेक्षा ओरडा परवडला.

मानेवर गाठ होती. औषध चालू करून महिना झाला आणि गाठ वाढली. औषध चुकीचं आहे का?

गाठीच्या टीबीत असं होऊ शकतं. जंतू मरत असताना शरीराची प्रतिकारशक्ती जोरात येते आणि गाठ काही काळ सुजते, कधी नवीनही दिसते. आधी असलेला ताप गेला, भूक आली, पण गाठ मोठी, अशा वेळी घरातले ‘दुसरा डॉक्टर बघा’ म्हणतात. दाखवा जरूर, कारण औषधाला दाद न देणारा टीबीही असू शकतो आणि तो तपासूनच कळतो. दाखवेपर्यंत गोळ्या थांबवू नका.

सांधे दुखतात, तळपायाला मुंग्या येतात. अंगावर काढू का?

सांधेदुखी बहुतेक वेळा पायराझिनामाइडमुळे. त्याने रक्तात युरिक ॲसिड वाढतं. दुसऱ्या महिन्यानंतर ते औषध बंद होतं आणि दुखणंही ओसरतं. तोवर डॉक्टर वेदनेची गोळी देतात. मुंग्या आयसोनियाझिडने येतात आणि त्यावर बी-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी आहे. मधुमेह असेल किंवा बाई गरोदर असेल तर ही गोळी आधीपासूनच द्यायची असते.

एक लक्षण मात्र एक दिवसही अंगावर काढायचं नाही: नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग ओळखता न येणं. ते इथॅम्ब्युटॉलमुळे होऊ शकतं. शिंपी, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांच्या हे पटकन लक्षात येतं. बाकीच्यांनी अधूनमधून एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचून बघावं.

बीपीच्या, साखरेच्या गोळ्या, काढा, पाळणा लांबवायच्या गोळ्या: सोबत चालतात का?

रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की बाकीची बरीच औषधं लवकर निकाली निघतात. गर्भनिरोधक गोळी त्यामुळे भरवशाची राहत नाही, या काळात दुसरं साधन वापरावं. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेच्या काही गोळ्या, एचआयव्हीची काही औषधं यांचा डोस बदलावा लागतो. काढा घेत असाल तर लपवू नका. काही जडीबुटी यकृतावर भार टाकतात, आणि कावीळ झाली तर डॉक्टरांना नेमकं कारण शोधता येत नाही. दारूचंही तेच, फक्त जास्त जोरात. पण ‘काल प्यायलोय म्हणून आज गोळी घेत नाही’ हा हिशेब चुकीचा. गोळी चुकवू नका आणि पिणं सुटत नाही हे सांगा.

गोळ्या चालू झाल्यापासून मन कशातच रमत नाही. हे गोळ्यांचं की माझं?

दोन्ही असू शकतं. आजार, कामावरची रजा, लोकांच्या नजरा यांनी कुणाचंही मन खचेल. औषधांचाही मनावर परिणाम होतो, आणि तो नेहमी खालीच नेतो असं नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिड आणि त्याचंच भावंड इप्रोनियाझिड रुग्णांना दिलं, तेव्हा मरणाच्या दारातली माणसं वॉर्डात नाचू लागल्याचे फोटो छापून आले. इप्रोनियाझिडवरूनच पुढे नैराश्यावरच्या औषधांचा एक वर्ग निघाला. उलट औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी वापरतात त्या सायक्लोसेरिनने काहींना उदासी, भास, जीव द्यावासा वाटणं असं होऊ शकतं. हे घरच्यांना आधीच माहीत असलं पाहिजे, कारण रुग्णाला स्वतःला ते औषधामुळे होतंय हे उमगत नाही. जीव नकोसा वाटणं हे ‘थांबून बघू’ म्हणण्यासारखं लक्षण नाही, त्याच दिवशी सांगा.

एमडीआर टीबी आहे. औषधांनी मी काळी पडले. हा रंग जाणार का?

बहुतेकांचा जातो, पण वेळ लागतो. एमडीआर म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, आणि हा रंग त्यावर देतात त्या क्लोफाझिमिन या औषधाचा परिणाम आहे. औषध थांबल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभरात त्वचा पूर्ववत होते. ‘रंगाचं काय एवढं, जीव वाचला ना’ असं म्हणणाऱ्यांना लग्न ठरायच्या वयातल्या मुलीचे दिवस माहीत नसतात. डॉक्टरांना हे क्षुल्लक वाटेल म्हणून गप्प बसू नका. याच कारणाने गोळ्या सोडणाऱ्या मुली असतात, म्हणजे ते क्षुल्लक नाही.

पूर्वी या आजाराला महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यात अनेकांचे कान गेले. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी टीबीच्या उपचारात ऐकण्याची शक्ती गमावली. पुढे बेडाक्विलिन या नव्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. आता बहुतेक रुग्णांना इंजेक्शनाशिवाय, फक्त गोळ्यांवर उपचार मिळतो आणि काहींचा कोर्स सहा महिन्यांवर आला आहे.

कोर्स संपला. आनंद व्हायला हवा, पण साधा खोकला आला तरी धडकी भरते.

असं अनेकांना होतं. सहा महिने ज्या गोळीचा राग केला, तिच्याशिवाय उघडं पडल्यासारखं वाटतं. एखादा उरलेलं पाकीट ‘असू दे’ म्हणून कपाटात ठेवतो. ते ठेवू नका, परत द्या, आणि मनाने पुन्हा सुरू तर मुळीच करू नका. सर्दीचा खोकला आठवड्या-दीड आठवड्यात जातो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी ताप यायला लागला किंवा वजन उतरलं तर थुंकी तपासून घ्या. काही झालं नाही तरी कोर्स संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणीला बोलावतात. कुणी बोलावलं नाही तर आपण जावं. काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ या निक्षयच्या क्रमांकावर फुकट फोन लागतो.